पायाआधीची भिंत

वैजापुरात घराचं काम काढलं की आधी मुहूर्त बघतात, मग जेसीबी सांगतात, मग वाळू आणि खडी येऊन रस्त्याच्या कडेला पडते. सकाळी भूमिपूजनाचा नारळ फुटतो आणि संध्याकाळपर्यंत सहा-सात फुटांचे खड्डे तयार असतात. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट बहुतेक ठिकाणी नसते. खड्डा आणि रस्ता यांच्यामध्ये उभी राहणारी तात्पुरती भिंत. फार तर चार बल्ल्या ठोकून त्यांना लाल-पांढरी पट्टी गुंडाळतात. दोन दिवसांत ती तुटून नालीत पडते, आणि शाळेची पोरं त्या खड्ड्याच्या काठावरून ये-जा करत राहतात.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. वैजापूर आणि आसपासच्या गावांतल्या घरांचे, दुकानांचे नकाशे काढते आणि कामावर देखरेख ठेवते. काम हाती घेताना माझी एक अट असते: पत्रे उभे राहिल्याशिवाय जेसीबी प्लॉटवर चढवायचा नाही. अट ऐकली की मालक गुत्तेदाराकडे बघतो, गुत्तेदार जमिनीकडे. मग ठरलेला प्रश्न येतो, “मॅडम, पंधरा दिवसांत पाया भरून निघेल. तेवढ्यासाठी कशाला हा खर्च?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे ते पंधरा दिवस पंधरा राहत नाहीत. आमच्याकडची घरं कांद्याच्या आणि कापसाच्या पैशावर उभी राहतात. कांद्याचा भाव पडला की काम जोत्यावर थांबतं. पाऊस लागला की फूटिंगच्या खड्ड्यात थांबतं. पुढचं पीक हाती येईपर्यंत तो प्लॉट तसाच उघडा राहतो. गुत्तेदार माणसं घेऊन दुसऱ्या कामावर गेलेला असतो, राखण करायला कोणी नसतं, आणि खड्ड्यात गढूळ पाणी साचतं. वरून पाहिलं तर ते चार इंचांचं डबकं आहे की सात फुटांचा खड्डा, हे मोठ्या माणसालाही सांगता येत नाही. पाच वर्षांच्या पोराला कसं कळणार? काम चालू असताना माणसांची नजर तरी असते. काम बंद पडलं की राखणीला फक्त कुंपण उरतं. म्हणून पत्रे काम थांबल्यावर काढायचे नसतात, उलट तेव्हाच ते जास्त लागतात.

तात्पुरती भिंत म्हटलं की लोकांना रस्त्याकडचे निळे पत्रेच आठवतात. खरं तर बांधकामावर अशा तीन भिंती लागतात. एक बाहेरच्या माणसाला आत येऊ देत नाही. दुसरी मातीला खाली येऊ देत नाही. तिसरी आत काम करणाऱ्या माणसाला पडू देत नाही. तिन्ही काम संपल्यावर निघून जातात, वास्तुशांतीच्या फोटोत त्यातली एकही दिसत नाही.

सुरुवात मातीपासून करते, कारण आपण सगळ्यात जास्त बेफिकीर तिच्याच बाबतीत असतो. वैजापूर तालुक्यात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली खडक लागतो. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तेव्हा जेसीबीनं मारलेली उभी कड इतकी सरळ आणि घट्ट दिसते की टेकूचं नाव काढलं तर मिस्तरी म्हणतो, “मॅडम, ही माती लोखंडासारखी आहे, काही होत नाही.” मग वळवाचा एक पाऊस येतो. पाणी भेगांमधून आत उतरतं, माती फुगते, तिची पकड सुटते आणि कडेचा अख्खा थर सुटून खाली येतो. तो आवाज देत नाही, वेळही देत नाही.

एक घनमीटर ओली माती दीड टनापेक्षा जास्त भरते. माणूस छातीपर्यंत गाडला गेला, तोंड-नाक उघडं असलं, तरी त्याचा जीव धोक्यात असतो. तो श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, मोकळ्या झालेल्या जागेत माती बसते, आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुगत नाही. अशा वेळी घाईनं जेसीबी लावला तर काठावरच्या यंत्राच्या वजनानं उरलेली कडही खाली येते. मातीच्या अपघातात नंतर धावपळ करून हाती फारसं काही लागत नाही. जे करायचं ते आधीच करावं लागतं.

ते काय, हे सरकारी बांधकामाच्या नियमांत सोप्या शब्दांत लिहिलेलं आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता सांगते की पाच फूट किंवा त्याहून खोल चराच्या बाजू एकतर उतरत्या कापाव्यात किंवा लाकडी आधार देऊन धरून ठेवाव्यात. खणलेली माती काठापासून किमान पाच फूट लांब टाकावी. चार फूट किंवा त्याहून खोल चरात दर शंभर फुटांना एक शिडी असावी आणि ती जमिनीच्या वर तीन फूट यावी. कड खालून पोखरायची नाही, कापणी वरून खालीच करायची. भारतीय मानक ब्युरोच्या खोदकामाच्या मानकातही दीड मीटरपुढच्या खोलीला आधार सांगितलेला आहे. म्हणजे जवळपास तेवढेच पाच फूट.

तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर उतार द्यायला जागा नसते, म्हणून आधाराची भिंतच करावी लागते. मातीला लागून उभ्या फळ्या, फळ्यांना धरणारी आडवी बल्ली, आणि समोरासमोरच्या दोन बल्ल्यांमध्ये घट्ट बसवलेले टेकू. सेंट्रिंगवाल्याकडे हे सगळं सामान असतंच. क्रम मात्र चुकवायचा नाही. बसवताना खोदाई उतरेल तसं वरून खाली यायचं, काढताना भराव चढेल तसं खालून वर जायचं. सगळे टेकू एकदम काढून मग भराव टाकायचा, हा आमच्याकडचा रिवाज सगळ्यात वाईट. टेकू निघाल्यापासून भराव पडेपर्यंत बिगारी त्या उघड्या कडेखालीच उभा असतो.

जुन्या गावात आणखी एक अडचण येते. शेजारचं घर माळवदाचं असतं, दगड-मातीच्या भिंतीचं, आणि त्या भिंतीचा पाया आपल्या नव्या खड्ड्यापेक्षा उथळ असतो. तिच्याखालची माती चाळीस फूट एका दमात काढली तर ती भिंत कशावर उभी राहणार? इथं मी शेजारच्या भिंतीला बाहेरून तिरपे टेकू देते आणि खोदाई एकाआड एक करते. चार-पाच फुटांचा तुकडा खणायचा, त्यात पाया भरायचा, तो धरला की मगच मधला तुकडा खणायचा. वेळ जास्त लागतो. पण शेजारी म्हातारं माणूस झोपलेलं असताना त्याच्या उशाकडची भिंत कोसळू नये, यासाठी आठवडा गेला तर जाऊ द्यावा.

२९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्यात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. मुसळधार पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या अंगाला असलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. शेजारी नवं बांधकाम चालू होतं. पंधरा माणसं गेली, त्यात चार मुलं होती. बहुतेक जण बिहारमधून आलेले बांधकाम मजूर. त्याच आठवड्यात आंबेगावातही मजुरांच्या झोपड्यांवर भिंत पडून सहा जणांचा जीव गेला. या घटनांतून मी एक नियम कायमचा घेतला. मजुरांची खोली कोणत्याही भिंतीच्या पायथ्याशी किंवा खोदलेल्या कडेजवळ बांधायची नाही, मग तिथं कितीही सोयीची जागा असो. भिंत जेवढी उंच, त्याहून जास्त अंतर सोडायचं.

आता बाहेरची भिंत, म्हणजे पत्र्याचं कुंपण. ते करायचं तर नीट करायचं, कारण कच्चं कुंपण स्वतःच अपघात घडवतं. पत्रा हलका असतो म्हणून लोक दोन बल्ल्यांना सुतळीनं बांधून मोकळे होतात. पण त्याच्यावर येणारा वारा हलका नसतो. आठ फूट उंच आणि दहा फूट रुंद पत्र्याच्या पडद्यावर ताशी साठ किलोमीटरचा वारा सरळ आला तर तो साधारण सव्वाशे किलोच्या जोरानं ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. मे महिन्यात वळवाच्या आधी जी वावटळ उठते, तिच्यासमोर सुतळी टिकत नाही. सुटलेला पत्रा उडत जाऊन कोणाच्या मानेवर बसेल, हे सांगता येत नाही. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला एक अवाढव्य जाहिरातफलक वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर पडला आणि १७ जणांचा बळी गेला. आपलं कुंपण त्याच्यापुढं अगदी लहान, पण वाऱ्याचा हिशेब दोघांना एकच.

म्हणून मी असं करून घेते. सहा-सात फुटांवर एक खांब, लोखंडी अँगल किंवा जाड बल्ली, जमिनीत किमान दोन फूट, काँक्रीटमध्ये. प्रत्येक खांबाला आतल्या बाजूनं तिरपा टेकू. टेकू बाहेर दिला तर रस्त्यानं जाणारा त्याला अडखळतो. पत्र्याला आडवे दोन पाइप, एक खाली आणि एक वर, आणि पत्रा पाइपला बोल्टनं किंवा जे-हूकनं पक्का. खालची धार मातीला टेकलेली, म्हणजे पोरं सरपटत आत जात नाहीत. कापलेली कड उघडी न ठेवता दुमडलेली. फाटक आतल्या बाजूला उघडणारं आणि रात्री कुलूप लागणारं. फाटकाच्या दोन्ही अंगांना पाच-सहा फूट पत्र्याऐवजी जाळी लावायची, कारण मागं येणाऱ्या टिपरच्या चालकाला रस्त्यावरचा माणूस दिसला पाहिजे आणि माणसाला टिपर. कोपऱ्यावरच्या प्लॉटला तर हे फारच जरुरीचं आहे.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती विजेची. मिक्सरची किंवा पाण्याच्या मोटारीची वायर पत्र्यावरून नेतात आणि पत्र्यालाच बांधतात. पावसात वायरचं आवरण एका जागी सोललं की सगळं कुंपण विजेचं होतं. ज्याला रक्षणासाठी उभं केलं त्यालाच हात लावून माणूस मरू शकतो. वायर वेगळ्या लाकडी खांबावरून न्यावी आणि बोर्डावर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. यात काटकसर करू नये.

तिसरी भिंत आतली. वैजापुरातही आता तीन-चार मजली इमारती होतात, लिफ्ट बसतात. लिफ्टचा खड्डा, जिन्याची मोकळी बाजू, डक्ट, स्लॅबची कड, या जागा महिनोन्महिने उघड्या असतात. सरकारी संहिता म्हणते की मजल्यातल्या किंवा फलाटावरच्या प्रत्येक मोकळ्या जागेला किमान तीन फूट उंच कठडा हवा. प्रत्यक्षात काय करतात? त्या भोकावर प्लायचा तुकडा सरकवून ठेवतात. मग एखादा बिगारी दुसऱ्या कामासाठी तो प्लाय दोन्ही हातांनी समोर उचलतो, त्याच्या आड त्याला पुढचं काही दिसत नाही, आणि एक पाऊल पुढं टाकतो तर पायाखाली काहीच नसतं. झाकण टाकायचं तर ते खिळ्यांनी पक्कं करावं आणि त्यावर रंगानं ठळक ‘खाली खड्डा’ असं लिहावं. कठडा करायचा तर कंबरेला एक आडवी, गुडघ्याला एक आडवी आणि पायाशी सहा इंचांची फळी. ती फळी हातोडी, विटेचा तुकडा, खिळे खाली जाऊ देत नाही.

हिरव्या जाळीबद्दलही स्पष्ट सांगते. ती धूळ अडवते, थोडाफार कचरा अडवते, माणूस अडवत नाही. इमारतीला हिरवी जाळी गुंडाळली की मालकाला वाटतं काम सुरक्षित झालं, आणि गवंडी तिला टेकून उभा राहतो. जाळीच्या आत पक्का कठडा नसेल तर तिचा काहीही भरवसा नाही.

धुळीचा विषय मोठ्या शहरांनी गेल्या काही वर्षांत गंभीरपणे घेतला. हवा बिघडल्यावर मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली. एक एकरापेक्षा मोठ्या जागेवरच्या कामाभोवती ३५ फूट उंच पत्रे आणि त्याहून लहान जागेवर किमान २५ फूट. शिवाय इमारत सगळ्या बाजूंनी हिरव्या कापडानं, तागाच्या कापडानं किंवा ताडपत्रीनं झाकायची. आपल्या गावात २५ फुटांचे पत्रे लागत नाहीत आणि साध्या खांबांवर ते उभे करणं धोक्याचंही आहे. पण सिमेंट-वाळूची धूळ शेजारच्या घरातल्या तान्ह्या बाळाच्या नाकात इथंही जाते. आठ फुटांचा पत्रा आणि वाळूवर पाण्याचा शिडकावा, एवढं तर आपण करू शकतो.

रस्त्यावरच्या कामाची गोष्ट निराळी. पाण्याची पाइपलाइन, गटार, केबल यांसाठी चर खणला की तिथं भिंतीबरोबर आगाऊ सूचना लागते. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर जांबरगावजवळ त्याच रस्त्यावर भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळला आणि बारा जण गेले. तो बांधकामाचा अपघात नव्हता, पण रात्रीच्या वेळी वेगात असलेल्या चालकाला समोरचा अडथळा किती उशिरा उमगतो, हे त्या रात्रीनं आम्हाला दाखवलं. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर तोडते. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यावरच्या कामांबाबतची मार्गदर्शिका कामाच्या जागेचे चार भाग करायला सांगते. आधी सूचनेचा पट्टा, मग वाहनं हळूहळू बाजूला वळवणारा तिरका पट्टा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी वाहनं पुन्हा मूळ मार्गावर आणणारा पट्टा. गल्लीतल्या चरालाही हेच तत्त्व लागू आहे. खड्ड्याच्या काठावर दगड मांडून भागत नाही. अडथळा लांबून दिसला पाहिजे, रात्री दिवा असला पाहिजे, आणि पायी जाणाऱ्याला वेगळी वाट मिळाली पाहिजे.

मग हे सगळं करायचं कोणी? १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार संहितेतही दहाची मर्यादा आहे. आमच्याकडच्या घराच्या कामावर एक मिस्तरी, दोन गवंडी आणि तीन-चार बिगारी असतात. स्लॅबच्या दिवशी वीस-पंचवीस माणसं येतात आणि संध्याकाळी निघून जातात. अशा लहान लहान कामांवर सुरक्षा तपासायला कोणी येईल, ही आशा धरून बसता येत नाही. पण म्हणून मालक मोकळा होत नाही. बांधकाम, दुरुस्ती किंवा पाडकाम करताना इमारत कोसळून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस गेला तर निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याचं कलम लागतं. त्यात कामगारांची संख्या विचारत नाहीत.

कामावर येणाऱ्या बायकांची लेकरं हा माझ्या जवळचा विषय. बाई पाटी उचलते तेव्हा तिचं दोन वर्षांचं मूल वाळूच्या ढिगावर बसलेलं असतं. बाहेरचे पत्रे गावातल्या पोरांना वाचवतात, हे मूल मात्र आतच असतं. १९९६ च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथं पाळणाघर सांगितलं होतं. मोबाइल क्रेशेस या संस्थेनं १९६९ पासून, आधी दिल्लीत आणि नंतर मुंबईत, बांधकामांवरच पाळणाघरं चालवून हे करता येतं हे दाखवलं. आमच्या कामावर पन्नास बाया कधीच नसतात, एक-दोनच असतात. तिथं मी गुत्तेदाराला सांगते, “दादा, उरलेल्या चार पत्र्यांचा एक कोपरा करा, खड्ड्यापासून आणि मिक्सरपासून लांब, वर सावली, खाली ताडपत्री.” अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते झालं की आईचं लक्ष कामावर राहतं, आणि तिचा स्वतःचा पायही घसरत नाही.

शेवटी खर्चाकडे येऊ. तीस बाय चाळीसच्या प्लॉटला बहुतेक वेळा दोन-तीन बाजूंना शेजाऱ्यांची घरं असतात. उघडी असते ती समोरची तीस फुटांची बाजू. तीन फुटी पत्रे धरले तर दहा पत्रे आणि पाच-सहा खांब. हे सामान गुत्तेदाराचं असेल तर एका कामावरून दुसऱ्या कामावर वर्षानुवर्षं फिरतं, मालकाचं असेल तर पुढं गोठ्याला, मोटारीच्या खोलीला लागतं. एका घराच्या खर्चात ही रक्कम टाइल्सच्या एका खोलीएवढीही होत नाही.

घर बांधणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गुत्तेदाराशी बोलणी कराल तेव्हा सिमेंटचा ब्रँड आणि स्टीलचा भाव लिहून घेता, त्याच कागदावर एक ओळ वाढवा: खोदाईआधी पत्र्याचं कुंपण, पाच फुटांखाली मातीला आधार, प्रत्येक उघड्या जागेला कठडा, आणि काम बंद असेल तेव्हाही हे सगळं जागेवर. ती ओळ पाळली जात नसेल तर पुढचा हप्ता देऊ नका. शेजारी काम चालू असेल आणि खड्डा उघडा दिसला, तर तो आपल्याला काय करायचा असं म्हणू नका. मालकाला गाठा, नगर परिषदेत लेखी द्या. आपल्या गल्लीतली पोरं त्याच रस्त्यानं शाळेत जातात.